टोपी कुणाची, टाळी कुणाला? – मानपत्र लिहिण्याआधीचा एक पाठ



यंदा मार्चमध्ये आपल्या महाविद्यालयातल्या एक मावशी निवृत्त होतायत. त्यांचं मानपत्र आपल्या मराठी वाङ्मय मंडळानं लिहायचं, असं ठरलंय. तीन-चार जणांनी मसुदे आणूनही दिले. मी ते वाचले आणि मला घाम फुटला. कारण तुम्ही लिहिलेलं सगळं मी आधी वाचलेलं होतं. किंबहुना ते मीच लिहिलेलं होतं, दुसऱ्या एका माणसासाठी. म्हणून मसुद्यांवर लाल शाई चालवण्यापेक्षा आधी हा पाठ लिहितोय. पाठात बेळगावपासून फार लांबचं एक उदाहरण आहे, न्यूयॉर्कमधल्या एका बेसबॉल संघाचं. ते कशासाठी, हे पुढं कळेलच.

१. आधी माझी चूक

काही वर्षांपूर्वी आपले ग्रंथालयातले मामा निवृत्त झाले. मानपत्र मी लिहिलं. सुंदर जाड कागद, भोवती वेलबुट्टी, आणि मजकूर असा: ‘कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, निःस्वार्थी सेवेचा मूर्तिमंत आदर्श, आपल्या हसतमुख स्वभावानं सर्वांची मनं जिंकणारे...’ मी माईकवर वाचलं, टाळ्या पडल्या. मामांना फेटा बांधला, शाल घातली, श्रीफळ दिलं. फोटो निघाला. वडा-चहा झाला.

महिन्याभरानं मामा बसस्टॉपवर भेटले. म्हणाले, “सर, मानपत्र भिंतीला लावलंय बघा. नातीनं मोठ्यानं वाचलं. मग म्हणाली, आजोबा, तुम्ही कॉलेजात काय काम करत होता ते ह्यात कुठं हाय?”

मामा हसत हसत सांगत होते. मला मात्र हसू आलं नाही. ऑगस्ट २०१९ चा पाऊस तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. बेळगावात घरं पडली, रस्ते पाण्याखाली गेले. त्या पावसात एका रात्री आपल्या तळमजल्यावरच्या ग्रंथालयात पाणी शिरू लागलं. मामा टॉर्च घेऊन एकटे आले. पहाटेपर्यंत त्यांनी सगळ्या कपाटांचे खालचे दोन-दोन कप्पे रिकामे करून पुस्तकं टेबलांवर रचली. तीही कशी, तर प्रत्येक कप्प्याची वेगळी चळत, सुतळीनं बांधलेली, वर कपाटाच्या नंबराची चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाईंना एकही पुस्तक शोधावं लागलं नाही. ही गोष्ट कॉलेजात सगळ्यांना माहीत होती. मलाही होती. तरी ती मानपत्रात आली नाही. कारण माझी समजूत अशी होती, की मानपत्राची भाषा उंच असावी लागते आणि त्यात सुतळी, चिठ्ठी, चिखल असलं काही बसत नाही.

त्या दिवसापासून ‘सत्कार म्हणजे नेमकं काय’ हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला खेळाच्या मैदानावर सापडलं.

२. बेसबॉलची तोंडओळख

आपल्याकडं बेसबॉल फारसा खेळत नाहीत, म्हणून दोन वाक्यं. नऊ-नऊ जणांचे दोन संघ, नऊ डाव. चेंडू टाकणारा पिचर, मारणारा बॅटर, त्याच्या मागं बसून चेंडू पकडणारा कॅचर. चेंडू हवेतून कुंपणापार गेला की होम रन. आपल्या षटकारासारखंच म्हणा, फक्त इथं धावा सहा नसतात. मारणारा आणि त्यावेळी धावेच्या वाटेवर उभे असलेले त्याचे साथीदार, जेवढे घरी पोचतील तेवढ्या धावा.

दुसरी गोष्ट म्हणजे मानाची. सामना सुरू होण्याआधी कुणा पाहुण्याच्या हातून एक चेंडू टाकून घेण्याची तिथं जुनी प्रथा आहे. १९१० मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी वॉशिंग्टनमध्ये असा चेंडू टाकला, आणि पुढं बहुतेक राष्ट्राध्यक्षांनी हा मान घेतला. आज तोच मान कधी एखाद्या नर्सला मिळतो, कधी शाळेच्या बाईंना, कधी जळत्या घरातून मूल बाहेर काढणाऱ्या फायरमनला. दोन डावांच्या मध्ये गावातल्या अशा एखाद्या माणसाला मैदानात बोलावतात, मोठ्या पडद्यावर त्याचं नाव आणि त्यानं केलेलं काम दाखवतात, आणि हजारो माणसं उभी राहतात. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या संघांचा हा आता नेहमीचा रिवाज आहे.

चांगलाच रिवाज आहे. पण नेहमीचा झाला की कुठलाही सत्कार शाल-श्रीफळासारखा होऊ लागतो. म्हणजे हात आपोआप चालतात, मन कुठं असतंच असं नाही. म्हणून मी उदाहरण घेतोय ते रिवाज नसतानाचं.

३. सप्टेंबर २००१

११ सप्टेंबर २००१, मंगळवार. त्या सकाळी अपहरण केलेली दोन विमानं न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन मनोऱ्यांवर आदळवण्यात आली. माणसं जिन्यानं खाली पळत होती, आणि त्याच जिन्यानं पाठीवर नळ्या, टाक्या घेतलेले फायरमन वर चढत होते. मनोरे कोसळले. न्यूयॉर्कमध्ये २,७५३ माणसं गेली. त्यांत शहराच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण होते, पोर्ट ऑथॉरिटी पोलिसांचे ३७ आणि न्यूयॉर्क शहर पोलिसांचे २३.

न्यूयॉर्क मेट्स हा शहरातल्या दोन मोठ्या बेसबॉल संघांपैकी एक. हल्ल्याच्या दिवशी संघ सामन्यांसाठी पिट्सबर्गला होता. विमानं बंद, म्हणून खेळाडू बसनं परतले. त्यांचं घरचं मैदान म्हणजे क्वीन्स भागातलं शे स्टेडियम. ते आता नाही, पाडलं. त्या आठवड्यात तिथं खेळ होणं शक्यच नव्हतं, कारण स्टेडियमच्या पार्किंगच्या मोकळ्या जागेत मदतसाहित्याचं कोठार झालं होतं. पाणी, अन्न, कपडे, बचावकार्याला लागणाऱ्या वस्तू येत होत्या, तिथून पुढं जात होत्या.

संघाचे व्यवस्थापक बॉबी व्हॅलेंटाइन आणि खेळाडू त्या पार्किंगमध्ये खोकी उचलू लागले. कोट्यवधी डॉलर कमावणारी माणसं आणि गल्लीतले स्वयंसेवक एकाच रांगेत. इथं मी थोडं थांबतो. कारण संघानं पुढं जो मान दिला, त्याची सुरुवात समारंभानं झाली नाही. आधी त्यांनी त्या कामाला हात लावला. ज्याच्याविषयी लिहायचं, त्याच्या कामाजवळ आधी जाऊन उभं राहावं, हा या पाठातला पहिला धडा.

४. टोपी

बेसबॉल पुन्हा सुरू झालं १७ सप्टेंबरला. मेट्सचे पुढचे सामने घरी होते, पण शे स्टेडियम मदतकार्याला दिलेलं असल्यानं ते पिट्सबर्गला हलवले. त्या दिवशी मेट्सचे खेळाडू मैदानात उतरले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर मेट्सच्या टोप्या नव्हत्या. कुणी अग्निशमन दलाची टोपी घातली होती, कुणी शहर पोलिसांची, कुणी पोर्ट ऑथॉरिटीची, कुणी ॲम्ब्युलन्स सेवेची.

ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण तशी नाही. व्यावसायिक बेसबॉलमध्ये गणवेश हा नियमाचा आणि धंद्याचा विषय आहे. टोपीवरचं चिन्ह म्हणजे संघाची ओळख. तीच टोपी दुकानात विकली जाते, तीच घालून लोक स्टेडियमला येतात. लीगच्या वरिष्ठांना वाटत होतं, की थोडक्यात हे आवरावं आणि खेळाडूंनी पुन्हा नेहमीच्या टोप्या घालाव्यात. टॉड झील, जॉन फ्रँको वगैरे ज्येष्ठ खेळाडूंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मानलं नाही. मेट्स त्याच टोप्या घालून खेळत राहिले.

आता आपल्या भाषेकडं या. मराठीत टोपीचं नाव काही फार चांगलं नाही. टोपी घालणं म्हणजे फसवणं, टोपी फिरवणं म्हणजे पक्ष बदलणं. मान आहे तो पगडीला, फेट्याला. आणि सत्कारात आपण काय करतो? ज्याचा सत्कार करायचा, त्याच्या डोक्यावर आपण आपला फेटा बांधतो. चार घटका त्याला आपल्यासारखा, किंवा आपल्याला हवा तसा सजवतो. मामांना बांधलेला तो गुलाबी फेटा माझ्या डोळ्यांसमोर आहे. मामांनी जन्मात कधी फेटा बांधला नव्हता. फोटोत ते स्वतःलाच ओळखू येत नव्हते.

मेट्सनी उलट केलं. ज्यांचा मान करायचा, त्यांना आपल्या टोप्या दिल्या नाहीत, त्यांच्या टोप्या आपल्या डोक्यावर घेतल्या. स्वतःचं चिन्ह उतरवलं आणि त्या माणसांच्या कामाचं चिन्ह घालून स्वतःचं काम केलं. मला वाटतं, सत्काराचा खरा अर्थ इथं आहे. माझं मानपत्र म्हणजे मामांच्या डोक्यावर बांधलेला माझा फेटा होता. शब्द माझे, विशेषणं माझी, ऐट माझी. मामांची टोपी त्यात कुठंच नव्हती.

जॉन फ्रँकोबद्दल अजून एक सांगतो. तो ब्रुकलिनचा, म्हणजे न्यूयॉर्कचाच मुलगा. त्याचे वडील शहराच्या सफाई खात्यात कामाला होते. फ्रँको आपल्या खेळाच्या जर्सीखाली सफाई खात्याचा केशरी टी-शर्ट घालायचा, वडिलांसाठी. बाहेरून बघणाऱ्याला तो दिसायचाही नाही. २००१ मध्ये तो मेट्सचा कर्णधार होता. टोपीचा अर्थ अशा माणसाला समजावून सांगावा लागला नसणार.

५. शुक्रवारची रात्र

२१ सप्टेंबर २००१. हल्ल्याला दहा दिवस झाले होते. शे स्टेडियमवर मेट्स विरुद्ध अटलांटा ब्रेव्हज. हल्ल्यानंतर न्यूयॉर्क शहरातला हा पहिला बेसबॉल सामना. चाळीस हजारांहून जास्त लोक आले. विमानतळ जवळच, त्यामुळं डोक्यावरून विमान गेलं की माना वर व्हायच्या. मेट्स आणि ब्रेव्हज हे कट्टर प्रतिस्पर्धी, पण सामन्याआधी दोन्ही संघ मैदानाच्या मध्यावर आले आणि एकमेकांना मिठ्या मारल्या. बॅगपाइप वाजले. सातव्या डावाच्या विश्रांतीत लायझा मिनेली गायल्या, तेव्हा त्यांच्या शेजारी गणवेशातले पोलिस आणि फायरमन ओळीनं उभे होते. खेळाडूंनी त्या दिवसाची आपली कमाई मदतीसाठी दिली.

आठव्या डावात ब्रेव्हज २-१ नं पुढं होते. मेट्सचा एक खेळाडू धावेच्या वाटेवर, आणि बॅट घेऊन आला कॅचर माइक पियाझा. त्यानं स्टीव्ह कार्सेचा चेंडू कुंपणापार भिरकावला. दोन धावा, मेट्स ३-२. सामना तिथंच संपला म्हणायचा. दहा दिवस ज्या लोकांना मोठ्यानं ओरडताही आलं नव्हतं, ते ओरडले. त्यांत त्या आठवड्यात अंत्ययात्रांना जाऊन आलेले लोकही होते.

त्या वर्षी मेट्स अंतिम फेऱ्यांपर्यंत पोचले नाहीत. त्या हंगामात त्यांनी काय कमावलं, असं विचारलं तर लोक हाच एक फटका सांगतात.

६. नायक कोण?

इथं भाषेचा एक प्रश्न. त्या रात्रीचा नायक कोण?

‘नायक’ हा शब्द ‘नी’ या धातूपासून आला. नी म्हणजे नेणं. जो इतरांना घेऊन जातो तो नायक. नाटकात नायक असतो, सैन्यातही नायक हा हुद्दा असतो. ‘वीर’ म्हटलं की आपल्याला तलवार आठवते. आणि ‘हिरो’? हा शब्द आपण इतका वापरला, की त्याची टिंगल झाली. “लई हिरो झालास काय रे?” असं आपण कट्ट्यावर रोज म्हणतो.

‘नेणं’ हा अर्थ धरला तर उत्तर सोपं आहे. जिन्यावरून माणसांना खाली नेणारे ते नायक. पियाझानंही पुढं वेळोवेळी हेच सांगितलं, की खरे नायक ते होते, मी फक्त खेळलो. आणि इतिहासानं एक गंमत केली. त्या सामन्यात पियाझानं घातलेली जर्सी २०१६ मध्ये लिलावात ३,६५,००० डॉलरला विकली गेली. विकत घेणाऱ्यांनी ती घरात ठेवली नाही. ती मेट्सच्या नव्या मैदानावर, कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात आणि ११ सप्टेंबरच्या स्मारक संग्रहालयात आळीपाळीनं ठेवायचं ठरलं. खेळाडूची जर्सी त्या माणसांच्या स्मारकात. टोपीनं सुरू झालेली गोष्ट तिथं पूर्ण होते.

पण लक्षात घ्या, पियाझाचं नाव जगाला माहीत आहे. ३४३ जणांची नावं आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत? सत्कारात हा धोका कायम असतो. व्यासपीठावर मोठ्या माणसाच्या हस्ते सत्कार होतो, आणि फोटोखाली मोठ्या माणसाचंच नाव छापून येतं.

७. टाळ्या संपल्यावर

पाठाचा हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मनोरे कोसळले तिथं महिनोन् महिने काम चाललं. ती धूळ छातीत गेली. फायरमन, पोलिस, बांधकामाचे मजूर, सफाई करणारे, यांतल्या हजारोंना श्वसनाचे विकार झाले, कॅन्सर झाले. ज्यांच्यासाठी स्टेडियमं उभी राहिली, त्यांना औषधपाण्यासाठी वर्षानुवर्षं सरकारच्या दारात उभं राहावं लागलं. या आजारांवरच्या उपचारांचा आणि भरपाईचा कायदा झाला तो जानेवारी २०११ मध्ये, म्हणजे हल्ल्यानंतर नऊ वर्षांनी. न्यूयॉर्कचे एक पोलिस जेम्स झाड्रोगा यांचं नाव त्याला आहे. ते २००६ मध्ये वारले होते.

तोही कायदा मुदतीचा होता. भरपाईचा निधी संपत आला, तेव्हा जून २०१९ मध्ये पुन्हा वॉशिंग्टनला जाऊन साक्ष द्यावी लागली. विनोदी कलाकार जॉन स्टुअर्ट तिथं बोलले. हे मेट्सचे जुने चाहते. समितीच्या रिकाम्या खुर्च्यांकडं बघून ते भडकले. त्याच दिवशी निवृत्त पोलिस डिटेक्टिव्ह लुई अल्वारेझ यांनीही साक्ष दिली. कॅन्सरनं ते अगदी खंगले होते. त्यानंतर अठरा दिवसांनी ते गेले. जुलै २०१९ मध्ये निधी कायमचा झाला. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये, त्या धुळीच्या आजारांनी गेलेल्या फायरमनांचा आकडाही ३४३ वर पोचला.

बेसबॉलमध्येही विसर पडलाच. २०११ मध्ये, हल्ल्याला दहा वर्षं झाली, तेव्हा मेट्सना पुन्हा त्या टोप्या घालून खेळायचं होतं. लीगनं नियमावर बोट ठेवलं. समारंभात टोप्या घातल्या गेल्या, खेळ सुरू होताना उतरवाव्या लागल्या. समारंभात चालतं, कामात चालत नाही, असा त्याचा अर्थ. वीस वर्षं झाली तेव्हा, ११ सप्टेंबर २०२१ ला, मेट्स आणि शहरातला दुसरा संघ यँकीज एकमेकांविरुद्ध खेळले आणि दोन्ही संघांनी त्या टोप्या घातल्या.

या सगळ्याच्या शेजारी रस्टी स्टॉब या मेट्सच्या जुन्या खेळाडूचं नाव ठेवतो. खेळातून निवृत्त झाल्यावर त्यानं १९८५ मध्ये एक निधी सुरू केला. कर्तव्यावर मेलेल्या पोलिसांच्या आणि फायरमनांच्या बायकामुलांसाठी. तेव्हा २००१ कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मनोरे पडले तेव्हा तो निधी सोळा वर्षांचा, चालू, हिशेब चोख असलेला होता, आणि मदत लगेच घरोघरी जाऊ शकली. स्टॉब २०१८ मध्ये हंगामाच्या पहिल्याच दिवशी वारला. कोणताही फोटो न काढता केलेला हा सोळा वर्षांचा सत्कार होता, असं मी म्हणतो.

८. मग मानपत्र कसं लिहायचं?

एवढ्या लांबून जे आणलं ते आपल्या कामाला लावू. मी स्वतःसाठी चार गोष्टी लिहून ठेवल्यात.

पहिली: लिहिण्याआधी त्या माणसाच्या कामाजवळ एक दिवस जा. मावशी सकाळी साडेसहाला येतात, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? साडेसहाला या आणि बघा.

दुसरी: विशेषणाऐवजी क्रियापद शोधा. ‘कर्तव्यदक्ष’ कुणालाही चिकटवता येतं, ‘सुतळीनं बांधलं’ हे एकाच माणसाचं असतं. मजकुरातलं नाव बदलून दुसऱ्याचं घातलं तरी तो चालत असेल, तर तो मजकूर कुणाचाच नाही.

तिसरी: आपली टोपी उतरवा. त्यांच्या कामाचे शब्द वापरा, केरसुणी, खराटा, बादली, किल्ल्यांचा जुडगा. या शब्दांनी मानपत्र खाली येत नाही. आलंच तर आपण चढवलेल्या उंचीवरून जमिनीवर येतं, आणि माणूस जमिनीवरच भेटतो.

चौथी: टाळ्यांनंतर काय, हे आधी विचारा. पेन्शनचे कागद झालेत का? दवाखान्याचं काही आहे का? मानपत्र लिहिणाऱ्यांनी हे विचारायचं नाही, असा नियम कुणी केलेला नाही.

९. दुसरा मसुदा

मामांसाठी मी पुन्हा लिहिलं. उशिरा, पण लिहिलं:

‘मामा आमच्या ग्रंथालयात सत्तावीस वर्षं होते. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे आम्ही यादीत बघायच्या आधी त्यांना विचारत असू. ऑगस्ट २०१९ च्या पावसात एका रात्री ग्रंथालयात पाणी आलं. मामा एकटे आले. पहाटेपर्यंत त्यांनी खालच्या कप्प्यांतली पुस्तकं टेबलांवर नेली, सुतळीनं बांधली, प्रत्येक गठ्ठ्यावर कपाटाचा नंबर लिहिला. त्यांतली पुस्तकं आम्ही आजही वाचतो. सकाळी आम्ही आलो तेव्हा मामा पायरीवर बसून चहा पीत होते. त्यांनी आम्हाला काही सांगितलं नाही. आम्ही आत जाऊन बघितलं.’

एवढंच. एकही मोठा शब्द नाही. साध्या कागदावर स्वच्छ हातानं लिहून मी ते त्यांच्या घरी नेऊन दिलं. नातीनं वाचलं. ती आता दहावीला आहे. वाचून झाल्यावर तिनं मामांकडं बघितलं आणि विचारलं, “आजोबा, एवढा पाऊस असताना तुम्ही गेलासा? आणि घरात कुणाला सांगितलं नाहीसा?” मामा म्हणाले, “तू लहान होतीस की.” मग ते दोघं त्या रात्रीबद्दल बोलत बसले. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी चहा संपवून निघालो.

जुनं मानपत्र अजून भिंतीवरच आहे. मामांनी ते काढलं नाही, मीही सांगितलं नाही. नवा कागद त्यांनी कपाटात, बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवलाय.

१०. स्वाध्याय

१. तुमच्या मसुद्यातली सगळी विशेषणं अधोरेखित करा. प्रत्येकाच्या जागी मावशींनी केलेली एक कृती लिहा. कृती सापडली नाही, तर ते विशेषण खोडा.

२. तुमच्या गल्लीतला असा एक माणूस निवडा, ज्याच्या कामाशिवाय तुमचा दिवस सुरू होत नाही. दूधवाला, लाईनमन, आशाताई, कुणीही. त्याच्याबरोबर एक तास घालवा आणि त्याच्या कामातले दहा शब्द लिहून आणा. त्यांत कन्नड, कोकणी, उर्दू शब्द आले तर काढू नका.

३. ‘सत्कार’, ‘गौरव’, ‘मान’ आणि ‘कौतुक’ या चार शब्दांत फरक काय, ते स्वतःच्या उदाहरणांनी सांगा. शब्दकोश नंतर उघडा.

४. मेट्सनी आपल्या संघाच्या टोप्या वाटून फायरमनांचा सत्कार केला असता, तर काय वेगळं झालं असतं? दहा ओळींत लिहा.

मावशींचा नवा मसुदा पुढच्या शनिवारी आणायचा. त्याआधी सकाळी साडेसहाला मी गेटपाशी असेन. ज्यांना यायचं त्यांनी या. हातात वही नको, मावशींकडं जादा खराटे आहेत.